चौथा गडी

८ जानेवारी १९५७, मंगळवार

डिसेंबरात बाबासाहेब गेले, तेव्हापासून हातून काही लिहून झालं नाही. जुनी वही त्या सहा तारखेलाच थांबली आहे. कांता म्हणाली, नवी घ्या, जुनीत लिहिणं आता तुमच्याच्यानं होत नाही. घेतली.

आज लिहिण्यासारखं घडलंही. कापूस बाजारातला सकाळचा पुकारा संपवून ओट्यावरून उतरलो, तर क्लबाचा चपराशी रामाजी उभा. अच्युतराव वकिलांनी उद्या साडेपाचला क्लबात बोलावलं आहे म्हणाला. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी बाजार समितीत कारकून. पहाटेपासून कापसाच्या बैलबंड्या ज्या क्रमानं लागतात, त्या क्रमानं त्यांचे नंबर पुकारायचे, हे माझं काम. मॅट्रिक झालो म्हणून कारकून, आणि आवाज लांब जातो म्हणून पुकारा माझ्याकडे. वकिली सोडून घरी बसलेल्या, क्लबाचा सेक्रेटरी असलेल्या माणसाचं माझ्याशी काय काम असावं?

वडिलांना आम्ही सगळे नानाजी म्हणतो. तीस वर्षं ते जीनमध्ये कापसाच्या गासड्या ओढत होते. ते म्हणाले, "क्लबवाल्याइचं काई तरी अडलं असंन. त्याबिगर ते आपल्याले बोलावत नाई."

९ जानेवारी, बुधवार

मी गेलो, बसलो, आणि पत्ते खेळून आलो. स्वतः लिहितो आहे तरी खरं वाटत नाही.

हिंगणघाटचा हा क्लब वणा नदीकडे तोंड करून आहे. यापूर्वी एकदाच आलो होतो, टपाल द्यायला, आणि तेही व्हरांड्यापर्यंत. आज आतल्या दालनात चौकोनी टेबलाशी तिघे बसले होते. अच्युतराव, सत्तरीचे, जाड भिंगांचा चष्मा. स्टेशनरोडला दवाखाना असलेले डॉक्टर हरिभाऊ. आणि मिलमधले स्पिनिंग मास्टर ओमप्रकाश, जे हिंदीच बोलतात. चौथे तहसीलदार होते. नोव्हेंबरात आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या उलथापालथीत त्यांची बदली झाली. तेव्हापासून टेबल अडलं आहे, कारण ब्रिज तिघांत होत नाही.

मी दारात उभा राहिलो तेव्हा अच्युतरावांनी विचारलं, "कोण?" मी नाव सांगितलं. "पत्ते येतात?" म्हटलं, मेंढीकोट येतं. "पुरे आहे," म्हणाले.

दारातल्या वहीत माझ्या नावापुढे 'पाहुणा' असं लिहून घेतलं. चहा आला. चौघांचे कप मी आधी पाहून घेतले. सारखे होते.

ब्रिजमध्ये समोरासमोरचे दोघे भिडू. आधी बोली होते, कोणता रंग हुकूम आणि किती हात करणार याची. जिची बोली वरचढ ठरते, त्या जोडीतला एक जण खेळतो, आणि दुसरा आपले तेराही पत्ते सर्वांसमोर उताणे मांडून त्या डावापुरता गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. मी आज चार वेळा डमी झालो. आपल्याजवळ जे काही आहे ते सगळं उघडं करून समोरच्याच्या हवाली करायचं आणि मग एक शब्दही बोलायचा नाही. असला खेळ मी पाहिला नव्हता. पत्ते लपवणं म्हणजेच पत्ते खेळणं, असं मी समजत होतो.

अच्युतरावांनी एक नियम पहिल्याच दिवशी घालून दिला. पत्ता टाकताना त्याचं नाव मोठ्यानं, स्पष्ट घ्यायचं. 'किलवर सत्ती', 'बदाम राजा'. नवशिक्यानं पहिलं वर्ष तरी हे पाळलंच पाहिजे, म्हणाले. डॉक्टर खाली आपल्या पत्त्यांत पाहत राहिले. माझी लाज राहावी म्हणून असेल, बाकीच्या दोघांनीही नावं घेतली. ओमप्रकाशजींची तर जुनी सवय दिसली.

१३ जानेवारी, रविवार

बोलीनं मला झपाटलं आहे. बाजारात मी रोज बोली ऐकतो. तिथं व्यापाऱ्याला काय हवं आहे ते तो कोणाला कळू देत नाही. इथं उलट. आपल्याजवळ काय आहे ते भिडूला सांगायचं, पण मोजक्या शब्दांत. एक ते सात आकडे, चार रंग, बिनहुकमी, पास, डबल. एवढ्याच भाषेत तेरा पत्ते सांगायचे, आणि तेही विरुद्ध बाजूच्या दोघांच्या कानांदेखत. शब्द सगळ्यांना ऐकू जातात, पण अर्थ ज्याचा त्यानं काढायचा. वर खोटं बोललं तर शत्रूपेक्षा भिडूच आधी बुडतो.

रात्रीच्या जेवणात मी गप्प होतो. कांतानं विचारलं, काऊन, क्लबात कोणी काही बोललं का? तिला कसं सांगू, की कोणी काही बोललं नाही आणि तरी एवढं बोलणं झालं.

२० जानेवारी, रविवार

आज जे पाहिलं ते लिहिताना हात थोडा थांबतो आहे.

अच्युतराव आपले पत्ते नाकाशी धरून एकदा वाचतात, लावून घेतात, आणि नंतर त्यांच्याकडे फारसे बघतच नाहीत. टेबलाकडे तर नाहीच. तोंड खिडकीकडे, नदीच्या उजेडाकडे. आम्ही नावं घेत राहतो, ते ऐकत राहतात. आज डाव संपल्यावर डॉक्टर म्हणाले, त्यांनी एक पत्ता चुकीचा टाकला असावा. अच्युतरावांनी पहिल्या हातापासून तेराव्या हातापर्यंत बावन्न पत्ते म्हणून दाखवले. कोणी टाकला, कशावर टाकला, त्याऐवजी काय टाकायला हवं होतं. मी मागे पत्ते उलटून पाहत होतो. एकही चुकला नाही.

आमच्या बाजूच्या आळीत एक म्हातारा सोळा गावांच्या वंशावळी सांगतो. ती पाठांतरं आहेत. हा डाव तर अर्ध्या तासापूर्वी जगात नव्हता.

जाताना मी विचारलं, तुम्ही न पाहता कसं खेळता? ते म्हणाले, "दिसतं ते अर्धंच असतं, प्रेमदास. बाकीचं मोजायचं असतं."

मी पूर्ण वाटभर मोजत आलो. दर रंगाचे तेरा. माझ्या हातात चार, डमीत तीन, उरले सहा. ते सहा कोणाकडे किती? एक माणूस एका रंगात संपला की दुसऱ्याचे आपोआप कळतात. म्हणजे झाकलेले पत्तेही हळूहळू आपल्याकडे तोंड करू लागतात. हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं का? मला कोणी कधीच का सांगितलं नाही?

२७ जानेवारी, रविवार

घरी पत्ते मांडून चारही हात एकटाच खेळतो. कांता म्हणते, तुमी पत्त्याइशी बोलून राह्यले. नानाजी काही म्हणत नाहीत, बिडी ओढत बघतात.

१० फेब्रुवारी, रविवार

आज मन खट्टू झालं.

सकाळी चौकात अच्युतराव समोरून आले. सोबत ओळखीचे दोघे होते. मी थांबलो, हात जोडले. पाच हातांवरून ते गेले. चेहरा माझ्याकडेच होता. एक रेघ हलली नाही. सोबतच्यांशी बोलत पुढे गेले.

टेबलावर मी त्यांचा भिडू. रस्त्यावर मी कोण? हे होणार हे मला ठाऊक असायला हवं होतं. धर्म बदलून चार महिने झाले. रस्ता तोच आहे.

कांताला सांगितलं. तिनं भाकरी उलथता उलथता विचारलं, "तुमी हात जोडले, पण तोंडानं काई बोलले का?"

"नाई."

"मंग त्याइले दिसलंच नसंन."

बायकांना सगळं सोपं वाटतं. बावन्न पत्ते ज्याच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत, त्याला भर उन्हात उभा माणूस दिसणार नाही?

१४ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस क्लबात गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो. अपमान बाजूला ठेवून गेलो, हे इथं कबूल करतो. तो खेळ सोडवत नाही.

मी खुर्ची ओढली तसे अच्युतराव म्हणाले, "तीन दिवस तुमचा आवाज नाही." मी म्हटलं, काम होतं. त्यांनी मान हलवली. माझ्यासमोर बशीत चहा ओतताना अर्धा चहा टेबलावर सांडला त्यांचा. डॉक्टरांनी लगेच फडका टाकला. मला बरं वाटलं. सांडू दे, म्हटलं मनात.

मग डाव सुरू झाला आणि मी सगळं विसरलो. हेच मला समजत नाही. माणूस असा आणि खेळ तसा, हे एकाच ठिकाणी कसं राहतं?

३ मार्च, रविवार

निवडणुकीच्या धामधुमीत आठवडाभर टेबल बसलं नाही. आज बसलं. वर्ध्याच्या क्लबाचे चौघे सतरा तारखेला सामन्याला येणार आहेत. दोन टेबलं. डॉक्टर आणि ओमप्रकाशजी एकीकडे, अच्युतराव आणि मी दुसरीकडे.

क्लबात तीस सभासद आहेत. मी विचारलं, माझ्याऐवजी कोणी जुना माणूस नको का? अच्युतराव म्हणाले, "मला भिडू कोण हवा, ते मी ठरवतो." आवाज कोर्टातला होता. आज रात्री झोप येईल असं वाटत नाही, आनंदानं.

१७ मार्च, रविवार

हरलो. वाईट हरलो. कसं ते लिहितो.

वर्ध्याचे महादेवराव त्यांचे कप्तान. निवृत्त शिरस्तेदार, शिस्तीचे. पहिल्याच हाताला मी "चौकट दश्शी" म्हणालो, तसे त्यांनी पत्ते खाली ठेवले. म्हणाले, खेळताना पत्त्याचं नाव घेणं नियमात नाही. आवाजाच्या चढउतारावरून भिडूला खूण करता येते. मी म्हटलं, मी नवशिका आहे, नवशिक्याला हा नियमच आहे. ते म्हणाले, असा नियम कुठंही नाही.

मी अच्युतरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "महादेवराव बरोबर आहेत. नाव घेऊ नका, प्रेमदास."

मग सगळे मुक्यानं खेळलो. चौथ्या डावात महादेवरावांच्या भिडूनं चौकट टाकली आणि अच्युतरावांनी तिच्यावर बदाम टाकला. दोन हातांनंतर त्यांच्याकडून चौकट निघाली. रंग हातात असून दुसरा पत्ता टाकला, म्हणून दंडाचे दोन हात गेले. माझी चूक, म्हणाले. पुढच्या डावात पुन्हा तेच, या वेळी इस्पिक आणि किलवर. लालावर लाल, काळ्यावर काळा. बावन्न पत्ते पाठ असणारा माणूस, आणि समोर पडलेला एक रंग कळू नये?

शेवटी पाहुणे उठले. अच्युतराव व्हरांड्यात आले, पायरीशी थांबले, काठीनं पायरीची कड चाचपली आणि मग उतरले. मी हे रोज पाहत होतो. आज दिसलं.

डॉक्टर हरिभाऊ माझ्याजवळ उभे होते. म्हणाले, "काचबिंदू हाय त्याइले. दोन वर्षं झाले. हातातलं जवळ धरून दिसते, टेबलावरचं नाई. तुले सांगायले पायजे होतं, पण त्याइनं शपथ घातलती."

२० मार्च, बुधवार

तीन दिवस झाले, क्लबाकडे फिरकलो नाही.

चौकातल्या त्या सकाळचं आठवून स्वतःचीच लाज वाटते. पण तेवढंच असतं तर मी धावत गेलो असतो. दुसरंही आहे. तो नियम खोटा होता. जुन्या माणसाला सांगितला असता तर तो हसला असता. म्हणून ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस शोधला, आणि त्याला खोटा नियम खरा म्हणून दिला. मला वाटत होतं की मला निवडलं. निवडला होता माझा गळा.

नानाजींना सांगितलं. म्हटलं, तुमचंच खरं निघालं, त्यांचं काम अडलं होतं. त्यांनी बिडी विझवली. मग म्हणाले, "त्याचं अडलं होतं, हे खरं हाय. पण तुले जे भेटलं ते खोटं हाय का? त्याले जाऊन इचार. घरात बसून कुढू नको."

२४ मार्च, रविवार

गेलो. त्यांचं घर कापूस बाजाराच्या मागच्या भिंतीला लागून आहे, हे मला माहीत नव्हतं. ओसरीवर बसले होते. "कोण?" म्हणाले. मी नाव सांगितलं, आणि या प्रश्नाचा अर्थ मला आज पहिल्यांदा कळला.

पुष्कळ बोलायचं ठरवून गेलो होतो. एवढंच निघालं. "तो नियम खोटा होता."

"होता."

"मला खरं सांगितलं असतं, तरी मी नावं घेतली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं. मग ते तुम्ही माझ्यासाठी केलं असतं."

मी चौकातली गोष्ट काढली. हात जोडले होते, म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं, कधी, कुठे उभे होतात. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तिथं तुम्ही होतात?" म्हणाले.

थोड्या वेळानं स्वतःच सांगू लागले. रोज सकाळी ओसरीवर बसून ते माझा पुकारा ऐकतात. मागच्या हंगामात दोन शेतकऱ्यांचं नंबरावरून भांडण झालं आणि ओढाताणीत माझी यादी फाटली, तेव्हा मी पहिल्या बंडीपासून सगळे नंबर तोंडी म्हटले होते. मला ते आठवतही नव्हतं. ते म्हणाले, एकसष्ट होते, मी बोटांवर मोजले. "क्लबातल्या तिसांपैकी एकालाही आठ पत्ते लक्षात राहत नाहीत. मला आवाज हवा होता, हे खोटं नाही. डोकंही हवं होतं. कोणतं आधी, ते आता मला सांगता येणार नाही. वकील आहे, सोयीचं तेच आठवेल."

यापेक्षा गोड उत्तर त्यांना देता आलं असतं. दिलं नाही, म्हणून मी विश्वास ठेवला.

एकवीस एप्रिलला वर्ध्याला परतीचा सामना आहे. मी जाणार नाही, म्हणाले. महादेवरावांना कारण सांगावं लागेल, आणि लोक कीव करत पत्ते टाकतील. मी म्हटलं, "मी रोज दारातल्या वहीत पाहुणा म्हणून सही करतो. माझं काय आहे, ते आत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी मी जाऊन बसतो. तुम्हालाही बसता येईल."

माझ्या तोंडून हे कसं गेलं, कोण जाणे. भिंतीपलीकडे कोणीतरी बैल सोडत होतं, घुंगरांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, वर्ध्याला सकाळची गाडी किती वाजता आहे.

२ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांकडून कळलं. अच्युतरावांनी माझ्या सभासदत्वाचा अर्ज कमिटीपुढे ठेवला होता. मला विचारलंसुद्धा नव्हतं. चार विरुद्ध पाच मतांनी पडला. नकाराच्या कागदावर सेक्रेटरी म्हणून सही करायला त्यांनी नाही म्हटलं, शेवटी दुसऱ्या कोणी केली.

वाईट वाटलं, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. ते चार कोण असतील, याचाच विचार जास्त करत बसलो.

१४ एप्रिल, रविवार

बाबासाहेबांच्या माघारी पहिली जयंती. वस्तीत पाय ठेवायला जागा नव्हती. मलाच पुढे उभं केलं, घोषणा द्यायला. आवाज पहिल्यांदा फुटेना. मग फुटला.

२२ एप्रिल, सोमवार

कालचं आज सकाळी लिहितो आहे. कामावर जायला अर्धा तास आहे.

वर्ध्याच्या क्लबात टेबलं मांडलेली होती. पंधरावीस माणसं बघायला. अच्युतराव बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "महादेवराव, मागच्या महिन्यात मी दोनदा चुकलो, कारण मला टेबलावरचा पत्ता दिसत नाही. नियम तुमचा बरोबर आहे. सवलत मागतो आहे. नाही म्हणालात तर राग नाही."

महादेवराव कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत होते. मग त्यांनी एवढंच म्हटलं, की या टेबलावर चौघंही नावं घेतील, आणि पहिला पत्ता माझा आहे, तेव्हा सुरुवात मी करतो. "किलवर राणी," म्हणाले. शाळेतल्या मुलासारखं, खणखणीत.

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. चार माणसांचे चार आवाज, एकामागून एक. बघणारे लोक हळूहळू गप्प झाले. दुसऱ्या टेबलावरचे लोकसुद्धा हळू आवाजात बोलू लागले. दोघातिघांनी तर डोळे मिटून घेतले होते. अच्युतराव चेहरा किंचित वर करून बसले होते, आणि प्रत्येक नाव कुठेतरी जाऊन आपल्या जागेवर बसताना मला जणू दिसत होतं. दोन डाव त्यांनी असे केले की महादेवरावांनी पत्ते ठेवून मान झुकवली.

शेवटून तिसरा डाव माझा होता. डावीकडून महादेवराव बदाम बोलले होते. आमची बोली चार इस्पिक, म्हणजे दहा हात. अच्युतराव डमी. त्यांनी पत्ते मांडले, मला वाचून दाखवायला सांगितले, एकदा ऐकले, आणि गप्प झाले. बदामाचे पहिले दोन हात गेले. किलवर आली, ती मी घेतली. मग तीनदा इस्पिक ओढलं. महादेवरावांकडे एकच निघालं. सातव्या हाताला मी किलवरचा राजा टाकला, तर उजवीकडच्याकडे किलवर नव्हती. आठवा हात गेला. नवव्याला महादेवरावांनी बदाम टाकला, मी तो हुकमानं कापला; उजवीकडचे बदाम संपले होते.

आता हातात एक हुकूम आणि चौकट तेवढी उरली. चौकटीचे तीनही हात मला हवे होते, आणि राणी माझ्याकडे नव्हती. डावीकडे असेल तर एका बाजूनं खेळायचं, उजवीकडे असेल तर दुसऱ्या. चुकलो तर डाव गेला.

पण चुकायला जागाच नव्हती. महादेवरावांकडे एक इस्पिक, सहा किलवर, पाच बदाम. बारा झाले. तेरातून बारा गेले. त्यांच्याकडे चौकटीचा एकच पत्ता. मी डमीतला एक्का मागितला. महादेवरावांची तिर्री पडली. म्हणजे राणी उजवीकडे. झाकलेली होती, दुसऱ्या माणसाच्या मुठीत होती, आणि ती मला इतकी स्वच्छ दिसत होती की अंगावर काटा आला. कोणी दाखवली नव्हती. कोणाची परवानगी लागली नव्हती. मोजता मोजता ती स्वतःहून समोर येऊन उभी राहिली होती.

"चौकट गुलाम," मी डमीतून मागितला. उजवीकडचा थांबला, आणि मग त्याचा आवाज आला, "चौकट राणी." मी राजा ठेवला.

सामना हरलो आम्ही, साडेतीनशे गुणांनी. ओमप्रकाशजींच्या टेबलावर मोठा खड्डा पडला होता. तरी फाटकापर्यंत महादेवराव पोचवायला आले.

परतीच्या गाडीत डॉक्टर आणि ओमप्रकाशजी पलीकडच्या बाकावर डुलक्या घेत होते. अच्युतराव खिडकीशी, मी त्यांच्यासमोर. ऊन अजून उतरलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "राणी कुठे आहे, ते तुम्हाला कोणत्या हाताला कळलं?"

म्हटलं, सातव्या. एक्का टाकला तो नुसता खात्रीसाठी.

"सातव्या? तेव्हा बदाम कुठे मोजून झाले होते? ते नवव्याला कळले."

"महादेवराव बोलीत बदाम म्हणाले, त्या आवाजात पाच होते. चार असते तर आवाज तसा आला नसता. बाजारात रोज ऐकतो मी. ज्याच्याजवळ माल असतो तो तसाच बोलतो."

अच्युतराव म्हणाले, "मला नवव्या हाताला कळलं."

सोनेगाव स्टेशन गेलं. चष्मा काढून त्यांनी हातात धरला होता आणि माझ्या दिशेला तोंड करून बसले होते. मी विचारलं, पाणी हवं का? मानेनं नको म्हणाले. दिवसभराच्या दगदगीनं थकले असावेत. हिंगणघाट येईपर्यंत ते तसेच बसून होते.